पहिली गाडी: नवं लायसन्स, ५ लाखांचं बजेट, पुणे–चिपळूण वापर. कोणती घ्यावी?

वारजेकर_नवा
नमस्कार मंडळी. लायसन्स महिन्यापूर्वी हातात आलं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर बसला तेवढाच हात. पहिली गाडी घ्यायची आहे, गरज अशी:

सगळं धरून ५ लाख, कर्ज नको. शहरात महिन्याला ४००–५०० किमी. दर दोन महिन्यांनी पुणे–चिपळूण, पाटणवरून कुंभार्ली घाटाने. माणसं चार. बायकोही चालवणार, तिची उंची ५ फूट १ इंच. सोसायटीत स्टॅक पार्किंग (मशीनने एकावर एक गाड्या ठेवायची सोय) आहे, आमचा वाटा वरचा.

यादीत वॅगनआर, सेलेरिओ, टियागो, स्विफ्ट आणि ग्रँड आय१० निओस. भावजींचं म्हणणं, एसयूव्हीच घे, एकदाच काय ते. नवी की जुनी, मॅन्युअल की ऑटोमॅटिक, सगळ्यातच गोंधळ आहे.

बोनेटखाली
गाड्या नंतर. आधी टेप घ्या आणि पार्किंग मोजा. स्टॅकच्या खांबावर मशीनवाल्याची पाटी असते, तिच्यावर लांबी, रुंदी, उंची आणि वजन लिहिलेलं असतं. बऱ्याच जुन्या स्टॅकमध्ये उंचीची मर्यादा १५५० मिमीच्या आसपास असते. तुमची तेवढीच निघाली तर निम्मी यादी इथेच गळेल:

वॅगनआर १६७५ मिमी उंच, गेली. नवी सेलेरिओ (२०२१ नंतरची) १५५५, म्हणजे पाच मिमीने अडकली. इग्निस १५९५, तीही नाही. टियागो १५३५, स्विफ्ट १५३०, निओस आणि ऑल्टो के१० प्रत्येकी १५२० मिमी, या बसतात. छतावरची अँटेना फिरवून काढता येते, ती मोजू नका. पण कॅरिअर बसवायचा विचार असेल तर सोडा.

रुंदीही बघा. ट्रेची (मशीनच्या ज्या पाटावर गाडी उभी राहते त्याची) आतली रुंदी आणि गाडीची रुंदी यांच्यात दार उघडून माणूस बाहेर पडण्याइतकी जागा लागते, चालकाच्या बाजूला निदान ५०–६० सेंमी. स्विफ्ट १७३५ मिमी, टियागो १६७७, निओस १६८०. कागदावर पाच-सहा सेंमीचा फरक किरकोळ वाटतो. रोज सकाळी पोट आत घेऊन बाहेर निघताना तो कळतो.

वारजेकर_नवा
पाटी बघून आलो. उंची १५५०, वजन २००० किलो. वॅगनआर मनात पक्की केली होती हो!

उगाच_एक
२००० किलो चालतंय म्हणजे भावजींची एसयूव्ही वजनाने पास, उंचीने नापास. परस्पर वाद मिटला.

कूलंट
एसयूव्हीचा वाद उंचीने मिटला हे बरंच झालं, पण त्यामागचं दुसरं कारणही लक्षात असू द्या. नवशिक्याचा खरा प्रश्न असतो गाडीची चार टोकं कुठे आहेत हे न कळण्याचा. बोनेट जितकं उंच आणि मागची काच जितकी लहान, तितकं हे कळायला उशीर. शोरूममध्ये किंवा जुनी गाडी बघताना सीटवर बसून एवढं करा:

क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघ्यात थोडा बाक राहिला पाहिजे. पाय ताणून टोकाने दाबावा लागत असेल तर सीट लांब आहे. पाठ सीटला टेकवून हात सरळ पुढे केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर यायला हवं. डोळ्यांची पातळी निदान काचेच्या मध्यावर हवी. ५ फूट १ इंच उंचीला यासाठी सीटची उंची वाढवणारा लिव्हर लागतोच, आणि तो बहुतेक गाड्यांच्या खालच्या व्हेरिएंटमध्ये नसतो. उशी टाकून भागवू नका. उशी सरकते आणि जोरात ब्रेक मारला की माणूस पट्ट्याखालून घसरतो. त्यामुळे तुमच्यासाठी ‘मॉडेल कोणतं’ याच्याइतकाच ‘व्हेरिएंट कोणतं’ हा प्रश्न मोठा आहे.

मग पुढच्या खांबाकडे बघा, काच आणि दार यांच्या मधला तिरका खांब. उजवीकडे वळताना त्याच्याआड एक अख्खी दुचाकी लपते. मान थोडी पुढे-मागे करून दिसते का ते तपासा. कोकणात जाणार असाल तर मागचा वायपर आणि डिफॉगर असलेलंच व्हेरिएंट बघा. पावसाळ्यात कुंभार्लीला मागची काच पांढरी होते.

इंजिनाबद्दल. नवशिक्याची गाडी बंद पडते ती क्लच भसकन सोडल्याने. चार सिलिंडरचं १.२ लिटर इंजिन ही चूक जरा पोटात घालतं, तीन सिलिंडरचं १.० लिटर एसी चालू असताना लगेच धक्का देऊन बंद पडतं. निओस आणि २०२४ आधीची स्विफ्ट चार सिलिंडरच्या. टियागो १.२ लिटर, पण तीन सिलिंडर, सिग्नलला थरथर जाणवते. २०२४ ची नवी स्विफ्टसुद्धा तीन सिलिंडरवर आली आहे.

डिझेलकडे वळू नका. बीएस६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांतल्या) डिझेलच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो साफ व्हायला मोकळ्या रस्त्यावर सलग धावावं लागतं. महिन्याला ४५० किमी शहरात फिरून तो तुंबणार. आणि दिल्ली पासिंगची डिझेल ‘एकदम स्वस्तात’ मिळतेय असं कोणी म्हणालं तर कारण साधं आहे. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंदीचे आदेश निघालेले, म्हणून ती इकडे येते. इथे आणून वापरायची तर तिथल्या आरटीओची एनओसी, इथला टॅक्स, नवा नंबर, सगळं तुमच्या गळ्यात.

घाटमाथा
ऑटोमॅटिकबद्दल लिहितो, कारण या बजेटमध्ये ‘ऑटोमॅटिक’ म्हणजे जवळपास नेहमी एएमटी. आत गिअरबॉक्स आणि क्लच प्लेट मॅन्युअलचीच, फक्त तुमच्या पायाऐवजी एक अ‍ॅक्च्युएटर क्लच दाबतो. सेलेरिओमध्ये २०१४ साली हा प्रकार आला आणि मग सगळीकडे पसरला.

सोपं काय: शहरात डावा पाय मोकळा. अवघड काय: चढावर. हिल होल्ड (चढावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय) नसेल तर ब्रेकवरून पाय काढताच गाडी मागे येते. मग नवीन माणूस अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबून गाडी चढावर रोखून धरतो. हाच तो घात. क्लच अर्धवट घासत राहतो, मिनिटभरात करपल्याचा वास, मग डिस्प्लेवर इशारा आणि गाडी गिअरच घेत नाही. उपाय: चढावर थांबलात की हँडब्रेक ओढा, निघताना अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर गाडीने ओढ घेतली की हँडब्रेक सोडा. मॅन्युअललाही हीच पद्धत.

घाट उतरताना एएमटी मॅन्युअल मोडवर घ्या. डी मध्ये (आपोआप गिअर बदलणाऱ्या मोडवर) ठेवली तर ती वरचा गिअर टाकते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. कुंभार्ली उतरताना दुसरा किंवा तिसरा गिअर ठेवा, ब्रेक थोडा वेळ दाबून सोडा. सतत पाय ठेवून उतरलात तर वळणावर पेडल मऊ लागायला लागेल. तसं झालं तर मोकळी जागा बघून बाजूला घ्या, अर्धा तास थांबा, चाकांवर पाणी ओतू नका. तापलेली डिस्क वाकते.

जुनी एएमटी घेणार असाल तर सिग्नलला पाच-सहा वेळा थांबून निघा. पहिला गिअर पडताना हिसका बसला किंवा न्यूट्रलमध्ये अडकली तर ती गाडी नको. अ‍ॅक्च्युएटरचा खर्च पाच आकडी असतो आणि गल्लीतला मेकॅनिक त्याला हात लावत नाही.

पहिली गाडी म्हणून मी मॅन्युअल सुचवेन. पण नवरा-बायकोपैकी एकाला क्लचचीच भीती असेल आणि त्यापायी गाडी उभीच राहणार असेल, तर एएमटी घ्या, त्यात कमीपणा नाही. लायसन्स दोन्हीला तेच चालतं.

कूलंट
घाटमाथा, अर्ध्याशी असहमत. दोन महिन्यांतून एकदा घाट आणि रोज कर्वे रोड, असा वापर असलेल्याला घाटासाठी मॅन्युअल सुचवणं म्हणजे वर्षातल्या सहा फेऱ्यांसाठी तीनशे दिवस डावा पाय झिजवणं. मात्र जुन्या बाजारात धड एएमटी ओळखणं नवशिक्याला जमणार नाही, म्हणून या बजेटमध्ये मॅन्युअल, हे मान्य.

आकडेमोड
नवी की जुनी, याचा हिशोब २२ सप्टेंबर २०२५ नंतर बदलला आहे. त्या दिवसापासून लहान गाड्यांवरचा (४ मीटरच्या आत, पेट्रोल १२०० सीसीपर्यंत) जीएसटी २८ टक्के आणि वर सेस, यावरून १८ टक्क्यांवर आला. नव्या गाड्या उतरल्या, पण जुनी विकणारे अजून आधीच्या भावाच्या आठवणीत असतात. म्हणून तीन-चार वर्षांच्या आतली जुनी बघताना त्याच व्हेरिएंटचा आजचा नवा ऑनरोड भाव आधी लिहून घ्या. दोन वर्षांच्या जुन्या गाडीत आणि नव्यात २० टक्क्यांपेक्षा कमी फरक असेल तर जुनी घेण्यात अर्थ नाही.

नवीचा ऑनरोड असा वाढतो: महाराष्ट्रात वैयक्तिक नावावर पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के एकरकमी टॅक्स. ५ लाख एक्स-शोरूम असेल तर ५५ हजार इथेच. वर विमा, नोंदणी, फास्टॅग. म्हणजे ५ ची ५.८०–५.९० होते. तुमच्या ५ लाखांत नवी म्हणजे ऑल्टोचं खालचं-मधलं व्हेरिएंट. चार माणसं आणि घाट धरता ते ओढूनताणून होईल.

जुनीत ५ लाख हे गाडीचं बजेट समजू नका. गाडी ४.२५ ते ४.४० ला तुटली पाहिजे. उरलेले कुठे जातात बघा: चार टायर १४ इंची, साधारण १८–२० हजार. बॅटरी ४–५ हजार. ऑइल, फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल, प्लग बदलून पहिली सर्व्हिस ६–८ हजार. नाव बदलणं आणि विमा १२–१५ हजार. स्वतःच्या गाडीवर शिकवणारा माणूस दहा तास. पहिल्या वर्षी दोन पॅनल रंगवावे लागणार हे गृहीतच धरा, पॅनलला ३–४ हजार. क्लच सेट निघाला तर आणखी ७–१० हजार.

वारजेकर_नवा
म्हणजे जुनीच. सीएनजी बघू का? सगळे म्हणतात परवडतं.

आकडेमोड
पेट्रोल १०४ रुपये धरू, शहरात १८ चं अ‍ॅव्हरेज: किलोमीटरला ५.७८. सीएनजी ९० रुपये, किलोला २६ किमी: ३.४६. वाचले २.३२. सीएनजी गाडीला ९० हजार जास्त मोजलेत तर ते वसूल व्हायला ३९ हजार किमी लागतील. तुमच्या शहरातल्या वापराने वर्षाला ६ हजार, म्हणजे साडेसहा वर्षं. चिपळूणच्या फेऱ्या धरल्या तरी साडेचारेक वर्षं. आणि त्यात डिकी सिलिंडरने खाल्लेली, घाटात ओढ कमी. तुम्हाला नको.

ज्यांना घ्यायचीच आहे त्यांनी: सिलिंडरवरची चाचणीची पट्टी बघा, दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) लागते. आरसीवर इंधन ‘पेट्रोल/सीएनजी’ लिहिलेलं हवं. बाहेरून बसवलेलं किट आरसीवर चढवलेलं नसेल तर विम्याचा दावा अडकतो.

बोनेटखाली
आता जुनी गाडी तपासायची पद्धत. मोबाईलवर सेव्ह करून ठेवा. मेकॅनिक सोबत न्याच, पण विकणाऱ्याने सुचवलेला नको.

गाडी सुरू करण्याआधी. बोनेटवर हात ठेवा. गार हवं. गरम असेल तर गाडी आधी सुरू करून ठेवली आहे, म्हणजे थंड इंजिनाचा आवाज किंवा धूर लपवायचा आहे. डिपस्टिक काढा: ऑइल काळं चालेल, दुधाळ चालणार नाही. ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघा, पांढरट साय असेल तर पाणी ऑइलमध्ये जातंय, हेड गॅसकेटची शंका. (पावसाळ्यात नुसत्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत झाकणाला थोडा ओलावा धरतो, पण डिपस्टिकला नाही.) कूलंटची टाकी: हिरवं किंवा गुलाबी हवं. साधं पाणी किंवा गंजाचा चहा दिसला तर निष्काळजी मालक.

बॉडी. दार उघडा, चौकटीवरचं रबरी बीडिंग बोटाने ओढून काढा. सहज निघतं आणि दाबलं की परत बसतं, विकणाऱ्याला विचारायचीही गरज नाही. आत पत्र्याच्या कडेला ठराविक अंतरावर गोल खळगे दिसतील, शर्टाच्या बटणाएवढे. ते कारखान्यातले स्पॉट वेल्ड. ते खळगे बुजलेले, वेडेवाकडे किंवा त्यांच्यावर जाड रंग असेल तर तिथला पत्रा कापून जोडला आहे. चारही दारं आणि डिकी, सगळीकडे बघा. मग बोनेट उघडून मडगार्डचे बोल्ट: डोक्यावरचा रंग उडालेला असेल तर पाना लागलेला आहे. बिजागऱ्यांचे बोल्टही. अ‍ॅप्रनवर, म्हणजे शॉकअपच्या डोक्याशेजारच्या पत्र्यावर, सीलंटची रेघ असते. कारखान्याची रेघ सारखी आणि कडक, नंतर भरलेली जाड-बारीक आणि नखाने दबते.

बंपर रंगवलेला असेल, एखाद्या दारावर ओरखडा असेल तर तो दोष नाही, भाव पाडायचं निमित्त आहे. अ‍ॅप्रन, पिलर, छत आणि बुडाचा पत्रा, यांना हात लागलेला असेल तर सौदा तिथेच संपला.

काचा: प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात कंपनीचा शिक्का आणि साल ओळखायची खूण असते. पुढची काच दगडाने बदलली असू शकते. दाराची एकच काच वेगळ्या कंपनीची असेल तर त्या बाजूने ठोकर.

टायर: कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मीटरवर २८ हजार आणि चारही टायर तीन वर्षांनी नवीन, असं असेल तर विचारा का. पहिले टायर ४०–५० हजार किमी सहज जातात. स्टेपनी काढून तिचेही आकडे बघा, तिचं साल गाडीच्या सालाशी जुळायला हवं. पुढचा टायर एका कडेने झिजला असेल तर अलाइनमेंट किंवा लोअर आर्मचं बुश.

चालू करून. किल्ली फिरवल्यावर, स्टार्ट करण्याआधी, एअरबॅग, एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) आणि इंजिनचे दिवे लागले पाहिजेत आणि एअरबॅग-एबीएसचे दोन-चार सेकंदांत विझले पाहिजेत. विझला नाही तर बिघाड. लागलाच नाही तर त्याहून वाईट, कोणीतरी दिवाच बंद केला आहे. एप्रिल २०१९ आधीच्या खालच्या व्हेरिएंटमध्ये एबीएस नसूही शकतं, ती गाडी घेऊ नका. नवशिका ब्रेक दाबतो तो पूर्ण ताकदीनेच.

धूर: निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा, गोडसर वासाचा आणि इंजिन तापल्यावरही चालूच, म्हणजे कूलंट. काळा म्हणजे पेट्रोल जास्त.

क्लच: सपाट जागी, हँडब्रेक पूर्ण ओढून, तिसरा गिअर टाका आणि अ‍ॅक्सिलरेटर न देता क्लच हळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. घुरघुरत चालूच राहिलं तर प्लेट संपली. हे एकदाच करा.

स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा, कट-कट आवाज आला तर अ‍ॅक्सलचा जॉइंट. स्पीडब्रेकरवर खडखड आली तर लिंक रॉड किंवा बुश, स्वस्तातलं काम. ६० ला रिकाम्या रस्त्यावर हात सैल सोडा, गाडी एका बाजूला ओढू नये.

मीटर. डॅशबोर्डवरचा आकडा फिरवणं सोपं आहे. नंबर देऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून जुन्या सर्व्हिसचा तपशील काढायला मालकालाच सांगा, प्रत्येक सर्व्हिसला किलोमीटर नोंदलेले असतात. पाचशे-हजार रुपयांचा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातल्या नोंदी वाचणारं यंत्र) मिळतो, तोही लावा. ‘एरर नाही’ एवढ्यावर जाऊ नका. त्यात रेडिनेस म्हणून एक पान असतं, तिथे बऱ्याच चाचण्या ‘अपूर्ण’ दिसल्या तर एरर नुकत्याच पुसल्या आहेत.

वाशिष्ठीकाठ
बोनेटखालींना जोड. पुराची गाडी. २०१९ चा ऑगस्ट सांगली-कोल्हापूर, २०२१ चा जुलै चिपळूण-महाड. पाण्यात गेलेल्या गाड्या विमा कंपन्या भंगार म्हणून विकतात, आणि त्यातल्या काही धुऊनपुसून परत बाजारात येतात. एमएच ०६, ०८, ०९, १० पासिंग दिसलं म्हणून लगेच नाकारू नका, आणि एमएच १२ आहे म्हणून निश्चिंतही होऊ नका.

सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. रोज वापरात येणारा भाग धुतलेला असतो, आतला शेवटचा हातभर पट्टा कोणी धूत नाही. तिथे चिखलाची फिकट आडवी रेघ असते. सीट पूर्ण मागे सारून खालच्या रुळांवर मोबाईलचा उजेड टाका, गंज आणि खाचेत सुकलेला गाळ दिसेल. स्टेपनीचा खड्डा. डॅशबोर्डखालची फ्यूजची पेटी, पितळी टोकं हिरवी पडलेली. दाराच्या आतल्या पॅनलचे स्क्रू गंजलेले. ब्लोअर पूर्ण वेगावर आणि आतल्या हवेवर ठेवा, दोन मिनिटांत कुबट वास येतो. गाडीत नवंकोरं कार्पेट आणि भडक अत्तर एकत्र असेल तर नाक जवळ नेऊनच बघा.

आरटीओ_खेटे
कागद. पैसे देण्याआधी आणि नंतर, असे दोन भाग.

आधी: सरकारच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर नंबर टाकून मालक कितवा, फिटनेस कधीपर्यंत, विमा, पीयूसी, काळ्या यादीत आहे का, आणि बँकेचा बोजा आहे का ते बघा. बोजा असेल तर ‘कर्ज फिटलंय, पत्र येतंय’ यावर टोकन देऊ नका. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा) हातात हवा. ई-चलन वेगळं तपासा आणि बाकी असेल ते मालकाकडून भरून घ्या, नाहीतर नाव बदलताना अडकतं. १ एप्रिल २०१९ आधीची गाडी असेल तर एचएसआरपी (सुरक्षा खुणांची नंबर) पाटी बसवली आहे का तेही. चेसिस नंबर आरसीशी स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा.

नंतर: फॉर्म २९ दोन प्रती, फॉर्म ३०. एजंट याला ‘टीटी फॉर्म’ म्हणतात. कोऱ्या फॉर्मवर सही घेऊ-देऊ नका, तारीख आणि नाव लिहिलेलं असू द्या. राज्यातल्या राज्यात विक्रेत्याने १४ दिवसांत कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. ताबा देता-घेतानाची तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या. त्या मिनिटानंतरचं चलन तुमचं, आधीचं त्याचं.

विकणाऱ्यांनीही वाचावं: २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की आरसीवर ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक. गाडी विकून नाव तसंच राहिलं आणि अपघात झाला तर भरपाई त्याच्यावर येते. ‘गाडी माझ्याकडे नाही’ हे चालत नाही.

दोन्ही किल्ल्या मागा. एकच दिली तर दुसरीचे पैसे भावातून कापा. जुन्या मालकाचा फास्टॅग काढून त्यालाच बंद करायला लावा.

वारजेकर_नवा
विम्याचं काय? विकणारा म्हणतो विमा आठ महिने बाकी आहे, काही करायची गरज नाही. आणि ५० टक्के बोनसही गाडीसोबत येतो म्हणे.

आकडेमोड
दोन्ही चूक. गाडी विकली की फक्त थर्ड पार्टी भाग आपोआप तुमच्याकडे येतो, तुमच्या गाडीच्या नुकसानीचा भाग नाही. १४ दिवसांत कंपनीकडे नाव बदलायचा अर्ज करा, तोपर्यंत गाडी ठोकली तर खर्च तुमचाच. नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) हा माणसाचा असतो, गाडीचा नाही. तो आपला बोनस दुसऱ्या गाडीवर घेऊन जाईल, तुम्ही शून्यापासून. फरकाचे पैसे कंपनी तुमच्याकडून घेणार, ते धरून चाला.

थर्ड पार्टीचे २०२२ पासूनचे दर: १००० सीसीच्या आत २०९४, १००० ते १५०० सीसी ३४१६ रुपये, वर जीएसटी. तुम्ही फुल्ल विमाच घ्या, नवा हात आहे. शक्य असेल तर झीरो डेप (घसारा न कापता भरपाई देणारी जोड) जोडा. पाच वर्षांवरच्या गाडीला बऱ्याच कंपन्या देत नाहीत, तेव्हा गाडीचं साल ठरवताना हेही बघा. झीरो डेप नसेल तर प्लास्टिक आणि रबराच्या भागांचे निम्मे पैसे खिशातून जातात, आणि नवशिक्याचा बंपर प्लास्टिकचाच असतो.

प्रत्येक ओरखड्याला दावा लावू नका. एका पॅनलचे ३५०० होतात, त्यातले १००० सक्तीने तुमचे. २५०० साठी पुढच्या वर्षीचा २० टक्के बोनस गेला, आणि तो परत शून्यापासून चढतो. तीन-चार पॅनल एकाच ठोकरीत गेले तर दावा.

पावसात रस्त्यावरच्या पाण्यात गाडी बंद पडली तर परत स्टार्ट मारू नका. इंजिनात पाणी ओढलं जातं, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि साध्या पॉलिसीत ते पैसे मिळत नाहीत. ढकलून बाहेर काढा, टोइंग बोलवा.

वारजेकर_नवा
सगळ्यांचे आभार. आता दोन उरल्या आहेत, दोन्ही मॅन्युअल पेट्रोल, पहिला मालक. स्विफ्ट २०१९, ४६ हजार किमी, ४.९०. टियागो २०२०, ३१ हजार किमी, ४.३५, सीटची उंची बदलते. दोन्ही डीलरकडे.

कूलंट
स्विफ्टचा क्लच हलका, इंजिन गुळगुळीत, विकताना भाव चांगला. पण ४.९० म्हणजे वर आकडेमोड यांनी मांडलेल्या खर्चाला जागाच नाही, आणि १७३५ मिमी ट्रेमध्ये रोज घालायची. अपघात चाचणीतही फरक आहे: ग्लोबल एनकॅपमध्ये त्या पिढीच्या स्विफ्टला २०१८ मध्ये दोन तारे, टियागोला २०२० मध्ये चार. टियागोची थरथर आठवड्यात अंगवळणी पडेल. मी टियागोच बघेन.

घाटमाथा
टियागोला +१. एक लक्षात ठेवा, २०२० ची गाडी ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) साठी बनवलेली नाही, आणि पंपावर आता तेच मिळतं. अ‍ॅव्हरेज थोडं कमी लागेल. इंधनाच्या नळ्या आणि त्यांची रबरं दर सर्व्हिसला बघायला सांगा. गाडी महिनाभर उभी ठेवणार असाल तर टाकी भरून ठेवा.

वारजेकर_नवा
डीलर उद्या रात्री ८ ला ये म्हणतोय. दिवसभर गिऱ्हाईकं असतात म्हणे.

बोनेटखाली
रात्री अजिबात नको. ट्यूबलाईटखाली रंगातला फरक दिसत नाही, लांबी (पुटी) भरलेलं दारही आरशासारखं चमकतं. सकाळी ८–९ ला जा, तिरप्या उन्हात गाडीच्या कडेने नजर लावून बघा, लाट लगेच दिसते. गाडी धुतलेली आणि ओली नको. सोबत छोटी टॉर्च, ओबीडी, चिंधी, आणि बायकोला न्या, सीट तिच्या उंचीला बसते की नाही हे तिथेच कळेल. आदल्या दिवशी फोन करून सांगा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. तरीही बोनेट गरम लागलं तर त्या दिवशी फक्त कागद बघा आणि दुसऱ्या दिवशी न सांगता जा.